सँट्रीत बसून सांभाळलेला बर्फातला नळ

आपल्या डब्लिनच्या मंडळाच्या कार्यक्रमात नवीन ओळख झाली की पहिला प्रश्न ठरलेला, "तुम्ही आयटीत ना?" मी म्हणायचे, "नाही, मी नळ बघते." समोरचा हसायचा, मग आपण बाईंच्या प्लंबिंगच्या धंद्याला हसलो की काय असं वाटून घाईघाईने म्हणायचा, इथे प्लंबरला फार मान आहे. मान असेलही, पण प्लंबर सांगितलेल्या दिवशी येत नाही, हे शहराबाहेर ओंगारमध्ये घर घेतलेल्या कुणालाही विचारा. मी प्लंबर नव्हते. इथेच सँट्रीच्या एका ऑफिसात पडद्यांसमोर बसून मी नॉर्वेच्या उत्तर टोकावरच्या एका गावाचं पाणी आणि घरांची ऊब सांभाळत होते. यंदा निवृत्त झाले, तेव्हा मंडळाच्या अंकाच्या संपादकबाई म्हणाल्या, तुमच्या करिअरचा प्रवास लिहा. प्रवास कसला डोंबलाचा, घर ते ऑफिस आणि ऑफिस ते घर. त्यापेक्षा त्या गावाचं सांगते.

गावाचं नाव देत नाही. कंपनीला आवडणार नाही आणि तुम्हाला उच्चारता येणार नाही. हिवाळ्यात तिथे सूर्य उगवतच नाही. दुपारी थोडा वेळ आभाळ निळसर होतं, तेवढाच दिवस. जमीन खाली कायम गोठलेली, त्यामुळे पाण्याचे पाइप पुरता येत नाहीत. ते जमिनीवरून लाकडी पेट्यांमधून नेलेले असतात, आत जाड अस्तर आणि सोबत एक तापणारी तार. शाळेत जाणारी मुलं त्या पेट्यांवरूनच चालत जातात, कारण बाकी सगळीकडे कमरेएवढा बर्फ. गावाच्या एका टोकाला बॉयलरचं घर, तिथून गरम पाणी घराघरांत फिरतं आणि खोल्या उबदार ठेवतं. पंप, झडपा, तापमान हे सगळं आम्हाला सँट्रीत दिसायचं आणि बरंचसं तिथूनच हलवता यायचं. आमचे हे याला उंटावरून शेळ्या हाकणं म्हणायचे. म्हणेनात. शेळी एकही मेली नाही.

पडद्यावर माणसं दिसत नाहीत, नुसत्या रेषा दिसतात. पण थोड्या वर्षांनी रेषांवरून माणसं कळायला लागतात. शनिवारी संध्याकाळी गरम पाण्याची रेष उंच चढली की समजायचं, सगळं गाव आंघोळीला बसलं. नरक चतुर्दशीच्या पहाटे आपल्याकडे होते तशी गडबड, फक्त दर आठवड्याला. पोस्टातल्या बाई एक अख्खा महिना तक्रार करत होत्या की ऑफिसात हात गारठतात. आमच्या पडद्यावर मात्र त्यांची खोली छान उबदार. माझ्याबरोबरचा डेक्लन शिफ्टचा प्रमुख होता. तो म्हणाला, युअर मॅन, म्हणजे 'तो आपला', तापमापक बिघडलाय, नवीन पाठवू. मी बाईंना विचारलं, तुमच्याकडे मांजर आहे का? होतं. ते तापमापकाच्या फळीवर त्याला अंग टेकून झोपायचं, आणि त्याच्या उबेने बॉयलरला वाटायचं सगळं आलबेल आहे. फळी काढली, तक्रार मिटली. मांजराचं नाव मला आजही माहीत आहे, पण तेही उच्चारता येत नाही.

या सगळ्यात निखिल आणि मुग्धाचं घर माझ्या जवळचं झालं. निखिल आमच्याच ऑफिसातला मुलगा, मूळचा लातूरचा. गावातला बॉयलर सांभाळायला माणूस हवा होता, दोन-तीन वर्षांसाठी. इथले सगळे मान खाली घालून बसले, आणि हा म्हणाला मी जातो. मुग्धाने त्याच्याशी आठवडाभर बोलणं टाकलं, मग तिने तिथल्या शाळेच्या स्वयंपाकघरात नोकरी मिळवली आणि सगळ्यांच्या आधी सामान बांधलं. मुलगी इरा तेव्हा सात वर्षांची, जन्मापासून डब्लिनची. मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत, तेही पक्क्या आयरिश सुरात. मी फोनवर विचारायचे, "इरा, थंडी वाजते का गं?" ती म्हणायची, "इट्स ग्रँड, मावशी."

ग्रँड म्हणजे कसं ते मुग्धाकडून कळायचं. शाळेत निघताना इराला एकावर एक कपडे चढवायचे, वर अंधारात चमकणारा पट्टा, आणि दारापर्यंत पोचल्यावर ती सांगणार की शूला जायचंय. भाजी जहाजाने यायची, आणि वादळ असलं की जहाज धक्क्याला न लागता भाजीसकट पुढे निघून जायचं. मग मुग्धा खिडकीत दिव्याखाली कोथिंबीर लावायची आणि ती कात्रीने मोजकी कापायची. फ्रीजर घेतलाच नव्हता, व्हरांड्यातल्या खोक्यात मासे ठेवायचे. गणपतीला तिने उकडीचे मोदक केले. शेजारच्या सीग्रिडबाईंनी ते माशांचे समजून लोण्याबरोबर खाल्ले, आणि आणखी मागितले.

सीग्रिडबाई म्हाताऱ्या, एकट्या, जन्म त्याच ओळीत गेलेला. ती सहा घरांची जुनी ओळ होती आणि माझी डोकेदुखी होती. बाकी गावात नळाचं पाणीही पाइपातून जाऊन परत फिरून यायचं, म्हणून गोठायचं नाही. या ओळीच्या नळाच्या पाण्याला परतीचा पाइपच नव्हता. त्यामुळे तिथला रिवाज असा, की हिवाळाभर शेवटच्या घराने स्वयंपाकघरातला नळ बारीक धारेने चालू ठेवायचा. त्या धारेमुळे सहाही घरांचं पाणी हलतं राहायचं. शेवटच्या घरात राहायचं म्हणजे ही जबाबदारी घ्यायची, आणि गावात तिला मान होता. शेवटचं घर निखिलचं होतं. त्यातून त्या वर्षी त्याच्या घरात शिरणाऱ्या पाइपाची तार जळाली होती आणि नवी तार उन्हाळ्यातच बसवता येणार होती. म्हणजे तेवढ्या तुकड्याला नळाच्या धारेशिवाय दुसरा आधार नव्हता.

त्याच हिवाळ्यात निखिलची आई आली. कुसुमकाकू. लातूरहून मुंबई, मुंबईहून ऑस्लो, मग दोन लहान विमानं, आणि शेवटी बर्फावरची गाडी. साठीच्या पुढची बाई, नऊवारीवर निखिलचा फुगलेला कोट घालून उतरली. आल्या दिवशी फोनवर मला म्हणाली, "बाई, तुमी मनमाडच्या म्हनं. मंग तुमाला पान्याचं सांगायला नको." खरंच नको. मनमाडला आमच्याकडे नळ आला की घरातलं मोठं माणूस झोपलेलं असलं तरी उठून कळशी धरायचं. पाण्यासाठी जागरणं काढलेल्या माणसाचे कान वेगळे होतात. टपटप ऐकू आली की मी आजही उठते.

काकू रमल्या. सीग्रिडबाईंची आणि त्यांची गट्टी जमली. एकीला मराठी येत नाही, दुसरीला नॉर्वेजियन, दोघी विणायला बसायच्या. एकमेकींच्या टाक्यांना नाकं मुरडायच्या आणि दोघींना ते बरोबर कळायचं. सीग्रिडबाईंच्या मुलाला त्यांना दक्षिणेकडच्या वृद्धाश्रमात न्यायचं होतं. त्या म्हणायच्या, या घरात पाणी आणि ऊब आहे तोवर मी हलणार नाही. हे मुग्धाने काकूंना समजावून सांगितलं होतं.

जानेवारीत माझ्या पडद्यावर एक विचित्र गोष्ट दिसायला लागली. त्या ओळीची रेष सकाळी सगळे कामाला गेले की खाली यायची आणि दुपारी परत वर जायची. शनिवार-रविवारी मात्र सरळ. डेक्लन म्हणाला, मापक जुना आहे, दुर्लक्ष कर. मी निखिलला विचारलं. तो म्हणाला, "शुभाताई, नळ चालूच असतो. मी रोज घरी आल्यावर बघतो ना." घरी आल्यावर, असं तो म्हणाला, आणि मी ते ऐकून सोडून दिलं नाही. पण त्यापुढे काय ते मला तरी कुठे सुचत होतं.

मग तो दिवस आला. तिकडे वादळ होतं. निखिल पलीकडच्या वस्तीत बॉयलर दुरुस्त करायला गेलेला, फोन लागत नव्हता. मुग्धा आणि इरा शाळेत. वादळात शाळेतून कुणाला बाहेर सोडत नाहीत, तसा तिथे नियमच आहे. दुपार झाली आणि रेष वर आलीच नाही. तळाला चिकटून राहिली आणि गजर वाजायला लागला.

बाहेरच्यांना यातली मेख सांगते. वाहतं पाणी गोठलं असेल तर त्याचा अर्थ मुख्य पाइपाची तार गेली. म्हणजे अख्खी ओळ गोठत चालली आहे. अशा वेळी नियम स्पष्ट होता, पाइप फुटायच्या आत हवा मारून ओळ रिकामी करायची. आणि त्या थंडीत रिकामी केलेली ओळ उन्हाळ्याशिवाय पुन्हा भरता येत नाही. सहाही घरांचं पाणी जाणार, त्यावर चालणारी ऊब जाणार, माणसं बाहेर पडणार. निखिलचं बिऱ्हाड डब्लिनला परत, आणि सीग्रिडबाई वृद्धाश्रमात. पण नळ कुणी हाताने बंद केला असेल, तर बर्फ फक्त शेवटच्या घरातल्या त्या जळक्या तुकड्यात असणार. तो वितळवता येतो. पडद्यावर दोन्ही गोष्टी अगदी सारख्या दिसतात.

डेक्लन म्हणाला, "कुणी कशाला नळ बंद करेल? सगळ्या गावाला माहीत आहे." त्याचा हात झडपेच्या बटणाजवळ होता. माणूस चांगला, पण वेस्ट कॉर्कचा. तिथे पाऊस थांबला तर लोक डॉक्टरकडे जातात. वाया जाणारी धार बघून हात आपोआप नळाकडे जातो, हे त्याला कुठून कळणार? माझ्या डोक्यात मात्र तेव्हा लख्ख उजेड पडला. सगळे बाहेर गेले की खाली, घरी यायच्या आधी वर, सुट्टीच्या दिवशी सरळ. मी म्हणाले, "थांब. मला एका बाईला फोन करू दे."

काकूंनी फोन उचलला. मी विचारलं, सगळं ठीक ना? म्हणाल्या, ठीक हाय की. नळ चालू आहे ना? म्हणाल्या, चालूच हाय. आवाज नको तेवढा बारीक होता.

"काकू, धार दिसते का?"

"दिसतीय की."

मला राग आला. डेक्लन घड्याळ दाखवत होता, आणि इकडे ही बाई माझ्याशी धादांत खोटं बोलत होती. मग वाटलं, तिच्या जागी माझी आई असती तर ती काय वेगळं बोलली असती? मी आवाज खाली आणला.

"काकू, नीट ऐका. धार चालू असताना पाणी गोठलं असेल, तर आम्हाला आत्ता सगळी ओळ रिकामी करायला लागेल. मग सीग्रिडबाईंचं घर थंड पडेल. त्यांना पुढच्या जहाजाने पाठवतील. पण नळ कुणी बंद केला असेल, तर घर वाचतं. तुमच्यावर कुणी रागावणार नाही, ते मी बघते. फक्त खरं सांगा."

मग काकू रडायला लागल्या.

"म्याच बंद केला, माय. रोजच करते. लेकरं भाईर गेली की बंद, यायच्या टायमाला चालू. तेवढं तर पानी वाचतंय म्हनलं. आज चालू कराया गेले तर थेंब येईना. मघापासून नुसती नळापुढं उबी हाय."

मी डेक्लनकडे वळून म्हणाले, नळ बंद होता. "कुणी केला?" त्याने विचारलं. मी म्हणाले, घरात आजी आहे, दुष्काळी भागातली. मग मात्र त्याने हात बटणावरून काढला. "थोडाच वेळ देतो," म्हणाला, आणि ते योग्यच होतं, कारण बर्फ मागे सरकत मुख्य पाइपात गेला असता तर आमच्या दोघांच्याही हातात काही राहिलं नसतं.

पुढचं काम काकूंचं होतं. ओट्याखालचं कपाट रिकामं करायला सांगितलं, तळाची फळी उचलायला सांगितली. पाइप तिथून वर येत होता. "आता गरम पाण्यात टॉवेल भिजवून पाइपाला गुंडाळायचे, गार झाले की बदलायचे. आणि नळ पूर्ण उघडा ठेवायचा." हे बोलून झालं आणि माझ्या लक्षात आलं की घरात पाणीच नाही, भिजवणार कशात?

"पानी हाय की," काकू म्हणाल्या. "समदं भरून ठिवलंय."

त्या बाईने घरातली झाडून सगळी भांडी भरून ठेवली होती. पातेली, बादल्या, इराचा खेळण्यातला टब, मुग्धाचे केकचे साचे. मुग्धा रोज ते ओतून द्यायची आणि त्या रोज परत भरायच्या, यावरून सासू-सुनेत आठवडाभर धुसफूस चालली होती म्हणे. मी फोन कानाला लावून खुर्चीत बसून हसायला लागले, आणि डेक्लनला वाटलं मला झटका आला.

"उकळतं नको हं काकू, पाइप तडकेल. हाताला सोसवेल एवढंच." "मला शिकवतीस व्हय," काकू म्हणाल्या, आणि आवाज आता कितीतरी सावरला होता. मी इकडून पंपाचा दाब जरासा वाढवला, थांबले, आणखी जरासा वाढवला. जास्त केला तर पाइप फुटणार, कमी केला तर बर्फ हलणार नाही. या कामाला कुठलं पुस्तक नाही. तिकडे काकू टॉवेल पिळत होत्या, गुडघे दुखतात म्हणून कुरकुरत होत्या, मध्येच नळाला शिव्या देत होत्या. मुदत संपत आली. डेक्लनने एकदा माझं नाव घेतलं, मी हात वर करून त्याला थांबवलं.

मग फोनमधून खरवडल्यासारखा आवाज आला, आणि काकू म्हणाल्या, "खकारलाय." बर्फाचा चुरा आला, मग तांबूस पाणी, मग धार. माझ्या पडद्यावरची रेष तळापासून सुटली आणि चढायला लागली. नोकरीत मला प्रशस्तिपत्रकं मिळाली, एकदा व्यासपीठावर बोलावून फुलंही दिली. पण या कामाचा अभिमान वाटला तो त्या दुपारी, आणि तो मी लपवणार नाही. यंत्र माझ्याइतकंच डेक्लनला कळत होतं. काकू कळायला मनमाडला वाढावं लागतं.

दुसऱ्या दिवशी निखिल घरी पोचला. काकूंनी त्याला स्वतः सगळं सांगितलं आणि मग त्याला बरोबर घेऊन ओळीतल्या प्रत्येक घरी जाऊन सांगितलं. निखिल भाषांतर करत होता आणि लाजेने लाल होत होता. लोकांनी ऐकून घेतलं, कॉफी दिली. तिथे जास्त बोलायची पद्धत नाही. सीग्रिडबाईंनी काकूंचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही, असं मुग्धा म्हणाली.

त्यानंतर काकूंनी मला फोन केला. म्हणाल्या, "शुभा, आता न्हाई करनार बंद. पर मला बघवना गं ते." आणि मग जे सांगितलं ते निखिलनेही मला कधी सांगितलं नव्हतं. लातूरला टँकर यायचा तेव्हा रांगेत निखिलची थोरली बहीण उभी राहायची. काकू शेतात मजुरीला, दुसरं कोण उभं राहणार? शाळेची वेळ आणि टँकरची वेळ एकच. बहिणीची शाळा सुटली ती सुटलीच. निखिल शिकला. "माझ्या सुमननं जेवढं पानी आनलं जलमभर," काकू म्हणाल्या, "तेवढं हितं एका दिसात मोरीत जातंय. माझ्या डोळ्यापुढनं." पाइप का गोठतो हे मी समजावू शकते, याचं काय समजावणार.

मग आम्ही एक केलं. सकाळी घर रिकामं झालं की मी माझ्या चहाच्या सुट्टीत त्यांना फोन करायचे. त्या नळाकडे पाठ करून बसायच्या आणि मला सुमनच्या पोरांबद्दल सांगायच्या. मागे धार चालू असलेली मला ऐकू यायची. डेक्लन एकदा म्हणाला, हे कामाच्या वेळेत बसतं का? मी म्हणाले, रेष बघ. रेष हिवाळाभर सरळ राहिली.

मी त्या गावी कधीच गेले नाही, एवढी एक खंत आहे. दरवर्षी म्हणायचे, यंदा जाऊ, आणि दरवर्षी काहीतरी निघायचं. कधी लेकीची परीक्षा, कधी ह्यांचा गुडघा. आता निवृत्त झाल्यावर वेळ आहे, पण निखिलचं बिऱ्हाड परत आलंय, आणि ओळखीचं कुणी नसलेल्या गावात मी काय पेट्या बघत फिरू?

त्या वर्षी मे महिन्यात तिकडे सूर्य मावळेनासा झाला आणि पाइपाभोवतीचं तापमान वर आलं. एका दुपारी मुग्धाने व्हिडिओ लावला. तिच्या स्वयंपाकघरात सगळी ओळ जमली होती, सीग्रिडबाईंनी वॅफल आणले होते. हिवाळा संपला की शेवटच्या घराने सगळ्यांसमोर नळ बंद करायचा, असा तिथला रिवाज. घरातला कर्ता माणूस बंद करतो. निखिल पुढे झाला आणि त्याने आईला नळापुढे उभं केलं.

काकू हलेनात. "व्हय रे," त्या म्हणाल्या, "खरंच करू? काही हुनार न्हाई ना?" मग फोनकडे वळून मला विचारलं, "शुभा, करू?"

मी रेषा बघितल्या, तार बघितली, तापमान दोनदा बघितलं. डेक्लन माझ्या खुर्चीमागे उभा होता. "करा काकू," मी म्हणाले.

त्यांनी पदर खोचला, दोन्ही हातांनी नळ धरला आणि फिरवला, आणखी फिरवला, आता फिरायला जागा नाही तिथपर्यंत फिरवला. सँट्रीत रेष तळाला आली आणि गजर वाजायला लागला. तो बंद करणं माझं काम होतं. आम्ही दोघांनी तो वाजू दिला. व्हिडिओत काकू नळाच्या तोंडाखाली तळवा धरून उभ्या होत्या. मग त्यांनी तो तळवा वर करून सगळ्यांना दाखवला, कोरडा होता.